मामांची वही आणि दाराजवळची रांग: नाशिकच्या एका द्राक्ष पॅकहाऊसचं प्रकरण

एप्रिल २०२४. हंगाम आटोपला होता. पॅकिंगच्या बाया पेठ-सुरगाण्याला आपापल्या घरी गेल्या होत्या, लाईनवर ताडपत्र्या टाकल्या होत्या, आणि पिंपळगाव बसवंतजवळच्या एका पॅकहाऊसच्या, म्हणजे निर्यातीची द्राक्षं पेट्यांत भरून गार करणाऱ्या कारखान्याच्या, ऑफिसात शेठ लॅपटॉपकडे बघत बसले होते. युरोपातल्या खरेदीदाराचा मेल आला होता. एका कंटेनरमधल्या घडांचे देठ तपकिरी पडलेत, मणी मऊ लागतात, पनेट, म्हणजे प्लास्टिकची छोटी डबी, उघडली की तळाशी मणीगळ. म्हणून बिलातून मोठी रक्कम कापून घेतोय.

असा मेल द्राक्ष निर्यातदाराला अधूनमधून येतोच. त्याचं उत्तरही ठरलेलं असतं: आमच्याकडून माल ठणठणीत निघाला, काय झालं असेल ते जहाजावर. या खेपेला ते उत्तर देता येईना, कारण मेलला शिपिंग कंपनीचा आलेख जोडलेला होता.

हल्लीच्या बऱ्याच रीफर, म्हणजे गार ठेवणाऱ्या, कंटेनरना मोडेम असतो. मालाकडे जाणारी थंड हवा किती अंशांवर आहे आणि मालातून फिरून परत येणारी हवा किती अंशांवर आहे, हे दोन्ही आकडे प्रवासभर नोंदले जातात आणि कंपनीला ते ऑफिसात बसून बघता येतात. या आलेखात जाणाऱ्या हवेची रेघ पहिल्या तासापासून सरळ होती. परत येणाऱ्या हवेची रेघ पहिले तीन दिवस वरच होती, मग हळूहळू उतरत खालच्या रेघेजवळ आली. जाणकाराला एवढं पुरे. यंत्र नीट चालत होतं, आत भरलेला मालच गरम होता. रीफर गार मालाला गार ठेवतो. गरम माल पटकन गार करण्याची ताकद त्याच्यात नसते.

त्यात वर्ष वाईट. तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजं सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालून जात होती. न्हावाशेव्याहून रॉटरडॅमचा एरवी तीन-साडेतीन आठवड्यांचा प्रवास पाच आठवड्यांच्या घरात गेला होता. तीन आठवड्यांत जे खपून जायचं ते पाच आठवड्यांत खपेना.

शेठकडे दाखवायला पुरावा एकच होता: मामांची वही.

०.५, ०.५, ०.५

माझं अंबडला सेन्सर आणि कंट्रोल पॅनेलचं छोटं काम आहे. शेठनी बोलावलं म्हणून गेलो, तेव्हा त्यांनी आधी ही वही पुढे केली. जाड पुठ्ठ्याचं रजिस्टर. डावीकडे तास, उजवीकडे कोल्ड एक आणि कोल्ड दोन, म्हणजे कोल्ड स्टोअरेजच्या दोन खोल्यांचं तापमान. निळ्या पेनानं, वळणदार अक्षरात, दर तासाला ०.५. क्वचित ०.४. कंटेनर भरला त्या रात्रीचं पानही तसंच. ऑडिटला येणारी माणसं ही वही बघून खूश होऊन जात.

मामा म्हणजे रात्रपाळीचे ऑपरेटर. पॅकहाऊस उभं राहिलं तेव्हापासून तिथे आहेत. सगळे त्यांना मामाच म्हणतात, शेठसुद्धा, रागात नसले तर.

"हे तुम्ही झोपेत लिहिता का हो?" शेठनी विचारलं.

"मीटरला दिसतं तेच लिहितो. चला, दाखवतो," मामा म्हणाले आणि जर्किन चढवलं.

कोल्डमध्ये लोकल मार्केटचा थोडा माल शिल्लक होता. दाराशेजारच्या पॅनेलवर आकडा ०.५. मी सुईचा थर्मामीटर नेला होता. निघण्याआधी तो ग्लासात बर्फाचा चुरा आणि पाणी घालून तपासला होता. असा ग्लास बरोबर शून्यावर असतो, आणि याहून स्वस्त कॅलिब्रेशन मला माहीत नाही. ब्लोअरखालच्या पेटीतला मणी टोचला: ०.७. दाराजवळच्या रांगेतली खालून दुसरी पेटी ओढली, मणी टोचला: ३.९. दुसरी पेटी, दुसरा मणी: ४.१.

मग वर टॉर्च मारला. मीटरची तार ब्लोअरच्या मागे, कॉइलला जवळजवळ चिकटून, प्लास्टिकच्या टायनं बांधलेली होती. बसवणाऱ्यानं तेव्हा हाताला सोपी जागा बघितली असणार. फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात थर्मामीटर ठेवायचा आणि दारातलं दूध किती गार आहे ते सांगायचं, तसा प्रकार. मामांची वही खरी होती आणि युरोपातला आलेखही खरा होता. दोघांनी वेगवेगळ्या जागेची हकिकत लिहिली होती.

वही अगदी शंभर टक्के खरी होती असंही नाही. दोनच्या, तीनच्या आणि चारच्या नोंदी चार वाजता एकदम होतात, हे मामांनी बाहेर येताना स्वतःहून सांगितलं. कॉम्प्रेसर, जनरेटर, गेट, रात्री येणारे टेम्पो, सगळ्याला माणूस एकच. त्यांच्या जागी मी असतो तर मीही चारलाच लिहिलं असतं.

नेमकं काय मोजायचं

शेठना हवं होतं ते त्यांनी एका दमात सांगितलं: माल कुठे आहे, किती वाजता तिथे आला आणि किती गरम होता, हे मला मोबाईलवर दिसलं पाहिजे. याचे दोन भाग पडतात. माणसांच्या हातात मोबाईल देऊन बागेपासून गेटपर्यंतचं काम त्यावर आणणं हा एक. खोल्यांमध्ये सेन्सर बसवून त्यांना नेटवर आणणं हा दुसरा. विक्रेत्यांच्या माहितीपत्रकात यांना एंटरप्राइझ मोबिलिटी आणि इंटरनेट ऑफ थिंग्ज म्हणतात. आमच्या वहीत 'बागेचं' आणि 'कोल्डचं' एवढंच लिहिलं होतं.

आधी कोल्डचं. घड तोडला की वेलीकडून पाणी मिळणं बंद होतं, पण श्वसन चालू राहतं. दुपारच्या उन्हातलं द्राक्ष तिशीच्या घरात असतं आणि त्या तापमानाला देठ वाळायला वेळ लागत नाही. म्हणून पॅकिंग झालेल्या पेट्या लगेच प्री-कूलिंगला जातात. तिथे जोराच्या गार हवेनं सहा-आठ तासांत तापमान चार अंशांखाली आणतात. त्यानंतर पेटीत ग्रेप गार्डचा कागद घालतात. तो ओल शोषून सल्फर डायऑक्साइड सोडतो आणि बुरशीला अडवतो. गरम पेटीत हा कागद घातला तर आत पाणी सुटतं, वायू एकदम निघतो आणि मणी पांढरे पडतात. मग कोल्ड स्टोअरेज, शून्य ते अर्धा अंश, नव्वदच्या वर आर्द्रता. एवढ्या साखळीत चुकायला जागा भरपूर आहे आणि चूक डोळ्यांना दिसत नाही. चार अंशांचं द्राक्ष आणि अर्ध्या अंशाचं द्राक्ष हाताला सारखंच लागतं.

निफाडकरांना तसं थंडीच्या आकड्यांचं वेड आहे. डिसेंबर-जानेवारीत कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा पारा किती उतरला ही बातमी रोज सकाळी चहासोबत चघळली जाते. आपल्याच कोल्डमधल्या चार कोपऱ्यांचा पारा मात्र कुणी विचारला नव्हता.

आम्ही दोन्ही कोल्डमध्ये मिळून आठ आणि प्री-कूलिंगमध्ये बारा प्रोब लावले. बाजारात मिळणारा दीडदोनशे रुपयांचा डिजिटल सेन्सर अर्धा अंश इकडेतिकडे चालतो असं त्याच्या कागदावरच छापलेलं असतं. जिथे शून्य आणि अर्ध्यामध्ये फरक करायचा तिथे तो काय कामाचा? हवेसाठी तेच वापरले. मालात खुपसायच्या प्रोबसाठी ए-वर्गाचे पीटी-१०० (प्लॅटिनमचे सेन्सर) घेतले, ते शून्याजवळ ०.१५ अंशांच्या आत राहतात. प्रत्येक रांगेतल्या ठरलेल्या एका पेटीत प्रोब, आणि दाराजवळच्या रांगेत दोन.

सिग्नलनं मात्र घाम फोडला. कोल्डच्या भिंती पफ पॅनेलच्या, आत फोम आणि दोन्ही बाजूंनी पत्रा. दार बंद केलं की आतला वायरलेस सेन्सर मुका. शेवटी प्रोब आत आणि ट्रान्समीटर बाहेर, अशी तार ओढली. त्यासाठी पॅनेलला भोकं पाडावी लागली आणि फ्रिजवाल्या कॉन्ट्रॅक्टरनं अक्षरशः भांडण काढलं. भोकातून ओल पफमध्ये शिरली तर पॅनेल फुगतं, मग मला बोलवू नका, म्हणाला. त्याचं बरोबर होतं. प्रत्येक भोक त्याच्याच माणसाकडून फोम आणि सिलिकॉननं भरून घेतलं. बाहेरून ऑफिसपर्यंत लोरा, म्हणजे थोड्या बॅटरीवर लांब पोचणारा रेडिओ, ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ, जिथे आपल्याकडे परवाना लागत नाही. ऑफिसात गेटवे, म्हणजे ते आकडे घेऊन नेटवर पाठवणारा डबा, दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिमं, आणि त्याचा कारखान्यातून आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलला. २०१६ साली मिराई नावाच्या व्हायरसनं जगभरातले कॅमेरे आणि राऊटर असल्याच न बदललेल्या पासवर्डांमधून ताब्यात घेतले होते. मामांचं म्हणणं, आपल्या द्राक्षांचं तापमान चोरून कोण काय करणार? तापमान कुणी चोरत नाही, डबा चोरून दुसऱ्यावर हल्ला करायला वापरतात, हे त्यांना पटायला दोन चहा लागले.

दोन वाजून चाळीस मिनिटं

जानेवारी २०२५. सीमा ठेवली दीड अंश. त्यावर गेलं की 'कोल्ड अलर्ट' नावाच्या ग्रुपवर मेसेज. ग्रुपमध्ये अकरा जण: शेठ, त्यांचा मुलगा, मॅनेजर, दोन्ही पाळ्यांचे ऑपरेटर, क्यूसीच्या (मालाची प्रत तपासणाऱ्या) ताई, आणखी कोण कोण, आणि का कोण जाणे पण शेठचे व्याहीसुद्धा.

पेट्या आत न्यायला दार उघडलं, हवा चढली, मेसेज. कॉइलवरचा बर्फ वितळवायचा डीफ्रॉस्ट लागला, मेसेज. फोर्कलिफ्ट दारात अडली, मेसेज. पहिल्या रात्री साठेक मेसेज आले. तिसऱ्या दिवशी त्याच ग्रुपवर सुप्रभातचे गुलाब पडायला लागले. आठवडाभरानं मी सगळ्यांचे फोन मागून बघितले तर अकरांपैकी नऊ जणांनी ग्रुप म्यूट केलेला. त्यात शेठही.

आणि महिनाअखेरीला ती रात्र आली. लाईट गेली, जनरेटर आपोआप लागला, पण एक फेज गेल्यामुळे कॉम्प्रेसर ट्रिप झाला होता. तो हातानं रीसेट करावा लागतो. दोन वाजून चाळीस मिनिटांनी ग्रुपवर मेसेज पडला. मामा गेटवर कंटेनर लावून घेत होते. बाकीचे झोपलेले. साडेचारला मामा पॅनेलकडे आले तेव्हा लाल दिवा दिसला. दार बंद असल्यामुळे माल फारसा चढला नव्हता, दाराजवळची रांग तेवढी तीनवर. नुकसान थोडक्यात निभावलं. पण सगळा खटाटोप ज्या प्रसंगासाठी केला होता, नेमका त्याच प्रसंगी तो कुणाच्या कामी आला नव्हता.

"सिस्टीमनं तर सांगितलं होतं," मी म्हणालो.

"कुणाला?" शेठनी विचारलं.

या प्रश्नावर पुढचे दोन आठवडे गेले. तांत्रिक दुरुस्त्या सोप्या होत्या. हवेऐवजी मालातल्या प्रोबवर अलार्म ठेवला, कारण द्राक्ष हळू तापतं आणि दार उघडल्यानं उगाच घाबरत नाही. हवेचा अलार्म वीस मिनिटं सलग चढली तरच. मेसेजऐवजी आपोआप लागणारा फोन, एका वेळी एकाच माणसाला. पाच मिनिटांत उचलला नाही तर पुढच्याला.

अवघड होतं ते क्रम लावणं. शेठचा आग्रह, पहिला फोन मला आला पाहिजे, माल माझा आहे. मॅनेजर एरवी शेठसमोर फारसा बोलत नाही, पण त्या दिवशी बोलला: "शेठ, तुम्ही पहिले असलात तर खाली कोणीच उठणार नाही. शेठ बघतील म्हणून सगळे झोपतील." शेठ तिसऱ्या नंबरवर गेले. दोन दिवस घुश्श्यात होते.

पहिल्या नंबरवर मामा. मामांनी अट घातली. रात्री फ्रिज मेकॅनिकला बोलवायचं तर आत्तापर्यंत शेठची परवानगी लागायची, कारण रात्रीच्या फेरीचे तो ज्यादा पैसे घेतो. "फोन मी उचलतो. पण मेकॅनिकला बोलवू का, हे विचारायला परत शेठला उठवायचं असेल तर माझा नंबर कशाला?" परवानगी काढून टाकली. मामांना मेकॅनिक बोलवायचा आणि त्याला काउंटरवरून पैसे द्यायचा अधिकार मिळाला. माझ्या मते त्या दिवशी ही व्यवस्था खऱ्या अर्थानं बसली. आम्ही बॉक्स डिसेंबरात लावले होते, ती गोष्ट वेगळी.

एक खोड राहिली होती. लाईट जाऊन जनरेटर लागेपर्यंतच्या सेकंदांत ऑफिसातला राऊटर बंद पडून पुन्हा चालू व्हायचा आणि कधीकधी चालू व्हायचाच नाही. सेन्सर बॅटरीवर, ते बिचारे आकडे पाठवतच असत, ऐकणारा बहिरा. अलार्म नाही म्हणजे सगळं आलबेल, असं समजून सगळे निवांत. म्हणून दहा मिनिटं एकही आकडा आला नाही तर त्याचाच फोन लागेल अशी सोय केली आणि राऊटरला छोटा यूपीएस दिला. यूपीएसची किंमत सगळ्या खर्चात सर्वांत कमी होती. तो सुरुवातीलाच न लावणं ही सरळसरळ माझी चूक.

सव्वाआठला तोडलेली द्राक्षं

आता बागेचं. युरोपला जाणाऱ्या द्राक्षांची बाग अपेडाच्या, म्हणजे शेतमाल निर्यातीच्या सरकारी संस्थेच्या, ग्रेपनेट या ऑनलाइन यादीवर नोंदलेली असते. औषधांच्या अवशेषांचा तपासणी अहवाल त्या नोंदणी क्रमांकाला जोडलेला असतो. २०१० साली क्लोरमेक्वाट या वेलीची वाढ रोखणाऱ्या औषधाच्या अवशेषांवरून आपले कंटेनर युरोपात अडकले तेव्हापासून तर हा क्रमांक इथल्या शेतकऱ्यांना स्वतःच्या मोबाईल नंबरासारखा पाठ असतो. म्हणजे मागोवा घेण्याची सवय नाशिकला नवी नाही. पण ग्रेपनेट सांगतं की माल कोणत्या बागेतला आणि त्यात औषध किती. तो तोडल्यावर बांधावर किती तास बसला, हे त्यात येत नाही.

शेठचे सात फिल्ड सुपरवायझर. त्यांच्या फोनवर ॲप टाकलं: प्लॉटचा क्रमांक, तोडणीची वेळ, क्रेटची संख्या, फोटो. पंधरा दिवसांनी रिपोर्ट काढला तर निम्म्याहून जास्त माल रात्री सव्वाआठच्या आसपास तोडलेला! दिंडोरीच्या डोंगराकडच्या बागांत रेंज नसते. ॲपला रेंज लागायची. पोरं दिवसभर खिशातल्या डायरीत लिहून संध्याकाळी महामार्गावरच्या टपरीवर चहा पिता पिता सगळं भरत होती, आणि ॲप भरल्याची वेळ हीच तोडणीची वेळ धरत होतं. ज्यानं ॲप बनवलं तो पुण्यात एसीत बसून वायफायवर तपासत होता, त्याला सांगून काय उपयोग. रेंज नसताना फोनमध्येच वेळेसकट नोंद साठवणारं आणि रेंज आली की पाठवणारं ॲप करून घेतलं. क्रेटला क्यूआरचे स्टिकर लावले, ते पहिल्याच धुण्यात निघून गेले. मग रिव्हेटनं ठोकलेल्या प्लास्टिकच्या पट्ट्या लावल्या, त्या अजून आहेत.

लोकेशनवरून वेगळंच भांडण झालं. फोन पोरांचे स्वतःचे आणि ॲप चोवीस तास लोकेशन मागायचं. एक जण मॅनेजरला म्हणाला, "दादा, रविवारी मी सासुरवाडीला गेलो का त्र्यंबकला, हे शेठला कशाला?" रास्त. माणूस कुठे फिरतो ही त्याची खासगी माहिती आहे, आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा कायद्यानंतर तर मालकानं ती जपून हाताळायला हवी. अँड्रॉइडमध्ये कामाचं वेगळं प्रोफाइल करता येतं, सुट्टीत ते बंद ठेवता येतं. ते सुचवून बघितलं, पण तिघांचे फोन इतके जुने की त्यात ते धड चालेना. शेवटी शेठनी सात स्वस्त हँडसेट घेतले. सकाळी पॅकहाऊसमधून न्यायचे, संध्याकाळी चार्जिंगला लावून घरी जायचं.

नीट वेळा यायला लागल्या तेव्हा जे दिसलं त्यानं सगळेच गप्प झाले. सकाळी सातला तोडलेलं क्रेट दुपारी दीड-दोनला गेटवर येत होतं. रस्ता पाऊण तासाचा. बाकी वेळ क्रेट बांधावर, शेडनेटच्या तुकड्याखाली, टेम्पो भरायची वाट बघत. टेम्पोवाला खेपेवर पैसे घेतो, अर्धा टेम्पो कोण सोडेल? शेतकरी म्हणे भाडं पॅकहाऊसनं द्यावं, शेठ म्हणे टोळी हळू तोडते, टोळीचा मुकादम म्हणे सकाळी दव असतं, दव उतरल्याशिवाय घड कापायचा नाही असं तुमचेच साहेब सांगतात. तिघांचंही खरं.

तोडगा निघाला तो असा: जवळजवळच्या दोन बागांचा मिळून साडेदहाला एक टेम्पो निघणार, भरो न भरो, आणि जादा खेपेचं भाडं शेठ देणार. फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात सकाळचा माल दोन-अडीच तास आधी सावलीत आला. या सगळ्या प्रकरणात मालाचं सर्वांत जास्त भलं या जादा खेपेनं केलं असं मी खुशाल म्हणेन, आणि त्या खेपेत एकही सेन्सर नव्हता. फोनवरच्या वेळांमुळे भांडण तेवढं नेमक्या जागेवर आलं.

एक गोष्ट आमच्या नकाशातच नव्हती. क्रेटची नोंद गेटवर होते तर वजन शेतकऱ्याच्या मोबाईलवर का पाठवू नये, असं शेठच्या मुलानं सुचवलं. पाठवायला लागलो. दुसऱ्याच दिवशी मोहाडीकडचा एक बागाईतदार दारात हजर. वजन दिसलं, पण ग्रेडिंगमध्ये किती माल बाद केला आणि का, ते कुठे दिसतं? आत्तापर्यंत बाद मालाचा आकडा हिशेबाच्या दिवशी एकदम कळायचा. शेठना हे मनापासून नको होतं. महिनाभर टाळलं. मग क्यूसीच्या ताईंनी बाद मालाचा फोटो आणि कारण टाकायला सुरुवात केली: लहान मणी, सनबर्न, भुरीचा डाग. भांडणं आधी वाढली. हंगामाच्या शेवटी त्याच बागाईतदारानं पुढच्या वर्षीचा सगळा माल इथेच देतो म्हणून सांगितलं. दुसरा एक कायमचा तुटला, त्याला स्वतःचेच फोटो बघवले नाहीत.

आकड्यांची चटक लागते, तीही लिहिली पाहिजे. मार्चमध्ये शेठ म्हणाले, प्रत्येक पॅकिंग टेबलावर काउंटर बसवू, कोणती बाई तासाला किती पनेट भरते ते कळेल. ताई म्हणाल्या, "बसवा. मग हात लागून मण्यांवरची पांढरी लव जाईल, मणी दाबले जातील, आणि तुमचा मेल पुन्हा येईल." काउंटर बसले नाहीत.

दोन दावे

२०२५ च्या हंगामात दावे आलेच नाहीत असं झालं नाही. दोन आले. पहिल्यात खरेदीदाराचं म्हणणं तेच, देठ तपकिरी. या वेळी उत्तरात आमच्या दाराजवळच्या रांगेचा आलेख गेला, कंटेनर भरेपर्यंतचा, आणि भरताना टोचलेल्या मण्यांचे आकडे. उलटपक्षी त्यांच्याच आलेखात एका बंदरावर नऊ तास प्लग काढलेला दिसला. दावा मागे घेतला गेला. दुसऱ्यात आमचा आलेख काढला आणि तो आम्हालाच नडला: प्री-कूलिंग तीनमध्ये पेट्या घाईनं एकावर एक ठेवल्या होत्या, हवा जायला फट नव्हती, मधल्या पेट्या सहा अंशांवर असताना ग्रेप गार्ड घालून पुढे ढकलल्या होत्या. शेठनी तो आलेख पाठवला नाही, पैसे कापून घेऊ दिले. पाठवायला हवा होता का यावर आमच्यात अजून एकमत नाही. माझं मत, हवा होता. माल कुणी खराब पाठवला हे त्यांना कळलंच होतं, आपल्याला तो शोधता येतो एवढं तरी कळलं असतं.

प्री-कूलिंगला मात्र दुसऱ्याच दिवशी जमिनीवर पिवळ्या रंगानं रेघा मारल्या. पेट्यांची थप्पी रेघेबाहेर गेली की पोरं ओरडतात.

पैशांचा हिशेब शेठनी मला दाखवला नाही आणि मी विचारला नाही. एवढं सांगतो की सेन्सरपेक्षा जास्त खर्च सात हँडसेट, जादा खेपा, आणि हंगामभर ॲपच्या माणसाच्या फेऱ्यांवर झाला. कोटेशनमध्ये यातलं काहीही नव्हतं, माझ्याही.

मामा वही अजून लिहितात. ऑडिटवाल्यांना ती लागते. फक्त आता तिच्यात एक रकाना वाढलाय, 'दार रांग', आणि तो आकडा ते मोबाईलवर बघून लिहीत नाहीत, सुईचा थर्मामीटर घेऊन आत जातात. मी विचारलं, प्रोब आहे की तिथे. म्हणाले, तुमच्या प्रोबवर लक्ष ठेवायला कुणी नको का? मार्चमध्ये त्यांनीच एक प्रोब पकडला होता. पेटीतून निसटून जमिनीवर पडला होता आणि चार दिवस फरशीचं तापमान इमानेइतबारे पाठवत होता.

आणि २०२६ चा जानेवारी. पहिला माल कोल्डला लागला, तिसऱ्या दिवशी दाराजवळची रांग अडीचवर गेली आणि फोन कुणालाच आला नाही. शोधलं. मे महिन्यात कोल्ड बंद केल्यावर रिकाम्या खोलीतले प्रोब चौतीस-पस्तीस अंश पाठवत होते. रोज फोन येऊ नयेत म्हणून आमच्याच पोरानं अलार्म बंद केला होता. चालू करायचं कुणाच्याच कामात नव्हतं. या वेळी ते सापडलं मामांच्या रकान्यामुळे.

हंगाम सुरू करायची यादी पॅनेलच्या दाराला आतून चिकटवलेली आहे. कॉम्प्रेसरचं तेल, बेल्ट, डीफ्रॉस्ट टायमर, जनरेटरचं डिझेल. त्याच्या वर, सगळ्यांत पहिली, निळ्या पेनानं नवी ओळ आलीय: अलार्म चालू केला का, फोन लावून बघणे.